थायलंडमध्ये शिकवायला जायचंय? व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परवाना, सगळी भानगड एकदाच

बीएड झालंय, इंग्लिश मीडियमच्या शाळेत काही वर्षं काढलीत, पगार वाढायचं नाव घेत नाही आणि तेवढ्यात कोणीतरी ओळखीचं थायलंडच्या शाळेतले फोटो टाकतं, मग डोक्यात येतंच की आपल्याला पण जमेल का. जमतं. भारतीय पासपोर्टवर, पूर्ण कायदेशीर, शाळेत शिक्षक म्हणून जाता येतं, आपल्याकडचे बरेच जण गेलेत पण. फक्त तिथे नुसता व्हिसा मिळाला म्हणजे काम संपलं असं नसतं, खरं तर तिथून सुरू होतं.

आधी एक मोठा गैरसमज. भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जायची सवलत मिळाली होती हे खरंय, 15 जुलै 2024 पासून ती 60 दिवसांची केली होती (तिथलं सरकार हा आकडा खालीवर करत असतं, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर चेक करा). पण ती एंट्री फिरण्यासाठी आहे. त्यावर वर्गात उभं राहून शिकवलं की ते बेकायदेशीर काम, मग ते दोन दिवसांचं डेमो लेक्चर असो नाहीतर "ट्रायल" म्हणून फुकट केलेलं असो. परदेशी लोकांच्या कामाबद्दलचा तिथला 2017 चा कायदा आहे, त्यात परमिट नसताना काम करणाऱ्याला 5,000 ते 50,000 बाथ (तिथलं चलन) दंड, देशाबाहेर काढणं आणि वर दोन वर्षं वर्क परमिट बंद. शाळेला पण दंड होतो, पण शाळा तिथेच राहते, घरी तुम्ही येता. म्हणून एजंट जेव्हा म्हणतो "मॅडम तुम्ही आधी जा, कागदं मागाहून करू" तेव्हा त्याला विचारायचं की मधल्या काळात मी काय करायचं, बीचवर बसायचं का.

आता मुख्य मुद्दा. थायलंडमध्ये शिकवायला वेगवेगळ्या खात्यांची परवानगी लागते आणि ही खाती एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. व्हिसा देतं परराष्ट्र खातं, म्हणजे आपल्याकडचं त्यांचं कॉन्सुलेट. तिथे गेल्यावर मुक्काम वाढवून देतं इमिग्रेशन, जे तिकडे पोलिसांच्या अखत्यारीत येतं. वर्क परमिट कामगार खात्याचं. आणि शाळेत शिकवायची परवानगी देते कुरुसफा नावाची शिक्षक परिषद. या सगळ्यांकडे जाणारा कागद निघतो एकाच ठिकाणाहून, तुम्हाला नोकरी देणाऱ्या शाळेतून. तुम्ही एकट्याने, शाळेशिवाय, यातलं जवळजवळ काहीच करू शकत नाही. म्हणून पगार किती यापेक्षा आधी हे विचारा की तुमच्याकडे आत्ता किती परदेशी शिक्षक आहेत आणि त्यांची कागदपत्रं कोण बघतं. ज्या शाळेत हे काम करणारी एक अनुभवी बाई ऑफिसात बसलेली आहे ती शाळा दोन-तीन हजार बाथ कमी देत असली तरी चालेल.

पात्रता तशी सरळ आहे. कुठल्याही विषयातली पदवी पाहिजे, बारावी-डीएडवर शाळेची नोकरी कठीण. बीएड असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते कारण कुरुसफाला शिक्षणशास्त्रातली पदवी हवी असते. बीएड नसेल तर शाळा तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी मागते, ती दोन वर्षांची असते, पण त्यावर आयुष्य काढता येत नाही, कधीतरी शिक्षणशास्त्राचं काहीतरी करावंच लागतं. पूर्ण लायसन मिळालं तर ते पाच वर्षांचं. विद्यापीठात किंवा नुसत्या भाषा शिकवणाऱ्या क्लासमध्ये जाणार असाल तर कुरुसफाचा विषय येत नाही, वर्क परमिट मात्र तिथेही लागतंच.

इंग्लिश शिकवायचं असेल तर अजून एक. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड अशा देशांचे पासपोर्ट असलेल्यांना ते "नेटिव्ह" धरतात, आपण त्यात नाही, तुम्ही केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकला असलात तरी नाही. मग टोइक (TOEIC) नावाच्या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर मागतात, साधारण 600 च्या वर, परीक्षा 990 मार्कांची असते. इंग्लिश मीडियमवाल्याला अवघड नाही, पण न बघता देऊ नका, ऐकण्याचा भाग फास्ट असतो. गणित-सायन्स शिकवणाऱ्यांनी पण हा स्कोअर काढून ठेवावा, आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांना गणित-सायन्समध्येच जास्त संधी आहे, तिथे पासपोर्टचा रंग जरा कमी बघतात.

आता आपल्या घरची कागदपत्रं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. पदवी प्रमाणपत्र, सगळ्या वर्षांच्या मार्कशीटा, ट्रान्सक्रिप्ट (ही विद्यापीठातून वेगळी काढावी लागते, मार्कशीट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे), बीएडचं तेच सगळं पुन्हा, अनुभवाचे दाखले. कुरुसफा बऱ्याचदा विद्यापीठाकडून डिग्री खरी असल्याचं पत्र मागते, ते पण आधीच काढून ठेवलेलं बरं, कारण एकदा परदेशात गेल्यावर विद्यापीठाच्या खिडकीवर रांगेत उभं राहायला भावाला नाहीतर वडिलांना पाठवावं लागतं आणि ते म्हणतात स्वतः या.

आणि नावं! आपल्या महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका, पदवी माहेरच्या नावाने, बीएड सासरच्या, पासपोर्टवर तिसरंच कॉम्बिनेशन. आपल्या क्लार्कला हे एका नजरेत कळतं, बँकॉकमधल्या क्लार्कला ही चार वेगवेगळी माणसं वाटतात आणि त्याची काही चूक नाही. तर निघायच्या आधी सगळ्या कागदांवरची इंग्लिश स्पेलिंगं एका कागदावर खाली खाली लिहून बघा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र, गॅझेटमधली नावबदलाची नोंद, ते नसेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीचं इंग्लिश प्रतिज्ञापत्र, हे बरोबर ठेवा आणि शाळेला आधीच स्कॅन पाठवून विचारा की यावर चालेल का. पासपोर्टच बदलायचा असेल तर नोकरी शोधायच्या आधी बदला, मध्ये नाही.

अटेस्टेशनचं, म्हणजे कागद खरे असल्याचे सरकारी शिक्के घ्यायचं, असं आहे की आधी राज्य सरकारच्या उच्च शिक्षण विभागाचा शिक्का, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि मग थाई कॉन्सुलेटचं लीगलायझेशन, अशी थायलंडसाठीची चालत आलेली पद्धत. एजंट "अपोस्टिल करून देतो" (परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा एक वेगळा शिक्का) म्हणून पैसे घेतात, पण तुमच्या शाळेला आणि कॉन्सुलेटला नक्की काय हवंय ते ईमेलवर लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. दिल्लीतून एसडीएमचा (तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) शिक्का मारून आणायचा शॉर्टकट पण असतो, स्वस्त आणि लवकर, पण त्यात विद्यापीठाने डिग्री तपासलेली नसते, त्यामुळे पदवीसाठी मी तरी राज्याचाच रस्ता धरायला सांगेन.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, 500 रुपये फी, अपॉइंटमेंट घ्यायची आणि जायचं. फार आधी काढू नका, जुनं झालं की परत मागतात. आणि हो, तुमच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शिक्का आहे का ते बघा. थायलंड हा त्या 18 देशांमधला एक आहे जिथे ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जायला आपल्या सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. दहावी पास असलं की हा शिक्का लागत नाही, पण लहानपणी काढलेला किंवा अर्ज भरताना सर्टिफिकेट न जोडलेला पासपोर्ट असेल तर राहून गेलेला असू शकतो आणि मग एअरपोर्टवर तमाशा.

शाळेने करार दिला की तुम्ही नॉन-इमिग्रंट बी (थोडक्यात नॉन-बी, नोकरीसाठीचा) व्हिसाचा अर्ज करता. जानेवारी 2025 पासून थायलंडचा व्हिसा अर्ज ऑनलाइन झालाय, महाराष्ट्रातल्यांनी मुंबईचं कॉन्सुलेट निवडायचं. शाळेकडून लागतात नेमणुकीचं पत्र, शाळेचा परवाना आणि शिक्षण खात्याचं मान्यतापत्र (खाजगी शाळा असेल तर खाजगी शिक्षण आयोगाच्या ऑफिसचं, सरकारी असेल तर त्या भागातल्या शिक्षण कार्यालयाचं). सगळ्यात उशीर याच पत्राला होतो. तुमच्याकडून पासपोर्ट, फोटो, डिग्री, ट्रान्सक्रिप्ट, पोलीस क्लिअरन्स, बायोडेटा. सिंगल एंट्री व्हिसा मिळतो आणि उतरल्यावर 90 दिवसांचा मुक्काम.

तिथे असतानाच टुरिस्टचा नॉन-बी करता येतो का? नियमात आहे, इमिग्रेशनमध्ये अर्ज करायचा, मुक्कामाचे कमीत कमी 15 दिवस शिल्लक पाहिजेत, फी 2,000 बाथ. पण कागदं तीच सगळी लागतात, आणि मिळेपर्यंत शिकवता येत नाहीच. ज्यांची फाइल आधीपासून तयार आहे त्यांनीच या वाटेने जावं.

थायलंडला पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, 1 मे 2025 पासून सगळ्यांना लागतं, फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती नकली समजा.

मग ते 90 दिवस. यात शाळेने कुरुसफाचं आणि वर्क परमिटचं करायचं आणि त्यावर इमिग्रेशनमधून मुक्काम वाढवून घ्यायचा, साधारण करार असेल तितका, जास्तीत जास्त एक वर्ष, फी 1,900 बाथ. वर्क परमिटला डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात टीबी, कुष्ठरोग, हत्तीपाय, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस आणि दारू-ड्रग्जचं व्यसन नसल्याचं लिहिलेलं असतं. वर्षभराच्या परमिटची फी 3,000 बाथ, कोण भरणार ते करारात बघा. परमिट त्या शाळेपुरतं असतं, शनिवारी दुसऱ्या क्लासला जाऊन शिकवलं तर ते त्यात बसत नाही, हे खूप जण करतात आणि काही जण पकडले जातात. करारावरच्या तारखा थाई सालात असतील, त्यातून 543 वजा करायचे, 2569 म्हणजे 2026. एक्स्टेन्शन संपायची तारीख चुकीची वाचली तर दिवसाला 500 बाथ दंड, 20,000 पर्यंत, आणि 90 दिवसांच्या वर ओव्हरस्टे गेला तर परत यायलाच बंदी.

राहण्याच्या जागेची नोंद घरमालकाने 24 तासांत करायची असते, टीएम 30 म्हणतात त्याला. मालक आळशी असला तरी इमिग्रेशनमध्ये पावती तुमच्याकडेच मागतात, म्हणून रूम घेतानाच विचारा. मग दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत चालतं, चुकलं तर 2,000 बाथ.

गणपतीला किंवा दिवाळीला घरी यायचंय? तर आधी री-एंट्री परमिट. न घेता देशाबाहेर गेलात की वर्षभराचं एक्स्टेन्शन तिथल्या तिथे रद्द, वर्क परमिट खिशात असलं तरी, आणि सगळं पहिल्यापासून. एकदाच जायचं असेल तर 1,000 बाथ, कितीही वेळा असेल तर 3,800. एअरपोर्टवर पण काढून मिळतं पण गर्दीत ती रिस्क कशाला.

शाळा बदलायची असेल तर दोन्ही शाळांच्या ऑफिसना एकमेकांशी बोलायला लावा. नोकरी ज्या दिवशी संपते त्या दिवशी तुमचा मुक्कामाचा आधारही संपतो, महिनाभर मोकळं राहून मग बघू असं चालत नाही. जुन्या शाळेकडून सोडल्याचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनाम्याची तारीख ठरवू नका.

नवरा-बायको आणि मुलं नॉन-इमिग्रंट ओ व्हिसावर बरोबर येऊ शकतात, त्यासाठी विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखले इंग्लिशमध्ये आणि अटेस्ट केलेले लागतात, म्हणजे डिग्रीबरोबरच ते पण करून टाका. जोडीदाराला त्या व्हिसावर काम करता येत नाही, त्याला स्वतःचं वर्क परमिट वेगळं.

फसवणुकीबद्दल एवढंच, सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या खोट्या नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता, तरुणांना बँकॉकला उतरवून म्यानमारमध्ये नेत होते. त्या आयटीच्या नावाखालच्या होत्या पण पद्धत तीच, टुरिस्ट म्हणून या, पुढचं आम्ही बघतो. शाळेची नोकरी असेल तर व्हिडिओ कॉलवर शाळा दिसते, मुख्याध्यापक बोलतात, आत्ता तिथे शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाचा नंबर मिळतो. यातलं काहीच देत नसतील आणि बँकॉकहून माए सोतच्या (म्यानमार सीमेवरचं गाव) बाजूला गाडीने न्यायची भाषा असेल तर तिकीट कॅन्सल करा, पैसे गेले तरी चालतील.

तिकडचं शाळेचं वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरमध्ये. भरती जोरात मार्च-एप्रिलमध्ये असते आणि एप्रिलच्या मध्यात सोंगक्रानमुळे (थाई नवीन वर्षाचा सण) सगळी ऑफिसं बंद, त्यामुळे मेमध्ये वर्गात उभं राहायचं असेल तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज दिवाळीच्या आसपासच टाका, विद्यापीठाला किती वेळ लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.