बाटलीतलं पेट्रोल आणि उसाचं बिल

मागच्या पावसाळ्यात माझी जुनी दुचाकी सोलापुरात कन्ना चौकाच्या अलीकडे आचके देत बंद पडली. ढकलत गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी कार्बोरेटरखालचा स्क्रू ढिला केला, पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उतरवून घेतलं आणि बाटली उजेडात धरली. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर.

"पंपावर पाणी मारलंय," मी म्हणालो.

"पाणी थोडंच हाय मालक. बाकी उसाचं हाय."

मग त्यांनी दुसऱ्या बाटलीत ताजं पेट्रोल घेतलं, त्यात अर्धं बोट पाणी ओतलं, झाकण लावून हलवलं आणि बाटली बाकड्यावर ठेवली. थर निवळले तेव्हा खालचा थर ओतलेल्या पाण्याच्या दुपटीहून जास्त झाला होता. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल, म्हणजे उसापासून काढलेलं अल्कोहोल, पाण्यानं आपल्याकडे ओढून घेतलं होतं. टाकीचं झाकण सैल असलं, पावसाचं पाणी आत झिरपलं, की हाच खेळ टाकीत होतो.

शेजारी मोहोळकडचे एक शेतकरी आपल्या गाडीची वाट बघत बसले होते. त्यांची तक्रार ॲव्हरेजची. पूर्वी पंचावन्न द्यायची, आता पन्नासच्या आत, असं ते सांगत होते. मिस्त्रींनी मान हलवली. पुढच्याच श्वासात तेच शेतकरी म्हणाले, "पण इथेनॉल बंद केलं तर कारखाना आमचं बिल कुठनं देणार ओ?"

सोलापूर जिल्ह्यात हा वाद असा एकाच माणसाच्या तोंडात राहतो. पंपावर तो गिऱ्हाईक असतो, कारखान्याच्या काट्यावर ऊस उत्पादक. इथेनॉल आलं तरी पेट्रोल स्वस्त का झालं नाही, हा प्रश्न चहाच्या टपरीवर रोज निघतो. त्याचं उत्तर जुन्या इतिहासात आहे. इथेनॉल पेट्रोल स्वस्त करायला आलंच नव्हतं. ते साखरेच्या अडचणीतून आलं आणि साखरेच्याच तालावर पुढे-मागे होत राहिलं.

सुरुवात मळीपासून करावी लागते. नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस भागात आलं आणि १९३०च्या दशकात माळीनगर, श्रीपूर इथे कारखाने उभे राहिले. माळीनगरचा सासवड माळी कारखाना तर सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनीच काढलेला. साखर बनवली की मागे काळी, चिकट, उग्र वासाची मळी उरते. टनभर उसामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो. जनावरांच्या खाद्यात ती थोडी खपे, बाकीची खड्ड्यात साचवून ठेवायची. तिच्यापासून अल्कोहोल काढून मोटारीत जाळता येईल हा विचार तेव्हापासूनचाच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, बसच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून गाड्या चालवाव्या लागल्या आणि या विचाराला जोर चढला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' हा कायदाही झाला. पण युद्धानंतर कच्चं तेल स्वस्त झालं, अल्कोहोल रसायनांच्या आणि दारूच्या कारखान्यांकडे गेलं, आणि कायदा पुस्तकात पडून राहिला. सन २००० मध्ये संसदेनं तो रद्द केला. गंमत अशी, की २००१ मध्ये, आपल्याच मिरज आणि मनमाडच्या डेपोंत, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे सरकारी प्रयोग सुरू झाले.

मधल्या काळात १९७३ येऊन गेलं. अरबी देशांनी तेल आवळलं आणि बॅरलचा भाव तीन डॉलरच्या आसपासून बारापर्यंत गेला. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते याच दरवाढीच्या निषेधासाठी. ब्राझीलनं १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवायचं ठरवलं आणि तडीस नेलं. आपल्याला १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडलं, परदेशी तेल कंपन्या एकेक करून सरकारी झाल्या आणि अल्कोहोलची गोष्ट मागे पडली. घरात मात्र काटकसर शिरली. कमी रॉकेल पिणारा 'नूतन' स्टोव्ह तेव्हाचाच. रेशनच्या रॉकेलवर कोणाला दोन भाज्या होत, कोणाला एकच.

दराची गोष्ट वेगळी आणि जास्त चिडचिडीची. १ एप्रिल २००२ पर्यंत पेट्रोल-डिझेलचा भाव सरकार ठरवत होतं, तोटा-नफा 'ऑइल पूल' नावाच्या खात्यात मुरवत होतं. त्यानंतरही प्रत्यक्षात लगाम सरकारच्याच हातात राहिला. भाव वाढणार असला की संध्याकाळपासून कुजबुज, आणि रात्री बाराच्या आत टाकी भरायला पंपावर रांग. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी बंधनातून सुटलं. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी बदलायला लागला आणि रांगा संपल्या, कारण पाच-दहा पैशांसाठी कोण रांग लावणार? वाढ डोळ्यांसमोर होत होती, पण दिसत नव्हती. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा केंद्रानं उत्पादन शुल्क वाढवत पेट्रोलवर लिटरमागे जवळजवळ ३३ रुपयांपर्यंत नेलं. स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही. कच्चं तेल पुन्हा चढल्यावर २०२१च्या उन्हाळ्यात लिटरनं शंभरी ओलांडली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांनी हे शुल्क उतरवलं गेलं.

राज्याचा वाटाही आहेच. २०१५ मध्ये दुष्काळनिवारणासाठी म्हणून महाराष्ट्रानं लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. दुष्काळी सोलापूरकरानंही तो पंपावर भरला. म्हणून कर्नाटकातला दर उतरला की मंद्रूप-टाकळीकडची माणसं भीमेचा पूल ओलांडून धूळखेडच्या बाजूला टाकी भरून येतात. त्यांना कोणी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही.

आता पुन्हा इथेनॉल. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. तेव्हा देशात साखरेची गोदामं ओसंडत होती. पुढची दहा वर्षं योजना रखडत गेली. तेल कंपन्या भाव देईनात, कारखाने दारूवाल्यांना अल्कोहोल विकत. २०१० मध्ये लिटरला २७ रुपये असा तात्पुरता भाव ठरला, तरीही २०१४च्या सुमारास देशभरचं मिश्रण दीड टक्क्यावरच अडलेलं होतं. खरी उडी २०१८ मध्ये पडली. २०१७-१८च्या हंगामात देशात साखर तीन कोटी वीस लाख टनांच्या वर झाली, भाव पडले, उसाची बिलं थकली. तेव्हा सरकारनं इथेनॉलला कच्च्या मालाप्रमाणे वेगवेगळे भाव दिले: शेवटच्या मळीपासूनच्या इथेनॉलला ४३ रुपये ४६ पैसे, 'बी हेवी' मळीच्या इथेनॉलला ५२.४३ आणि थेट रसापासूनच्याला ५९.१९.

ही तीन नावं कारखान्याच्या आवारात आता चहावाल्यालाही पाठ आहेत, पण बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. रस आटवून त्यातली साखर एकदम निघत नाही, टप्प्याटप्प्यानं काढतात. शेवटच्या टप्प्यानंतर उरते ती 'सी' मळी. काढता येण्याजोगी साखर निघालेली, म्हणून टनभर उसामागे तिच्यातून इथेनॉल दहा-अकरा लिटर. एक टप्पा आधीच थांबलं तर मळीत गोडवा जास्त राहतो, ती 'बी हेवी'. साखर थोडी कमी होते, इथेनॉल जवळपास दुप्पट. आणि साखर न करता सगळा रसच आंबवला तर टनामागे सुमारे ७० लिटर. म्हणजे कारखान्याच्या हातात एक कॉक आला. साखर जास्त झाली की तो इथेनॉलकडे फिरवायचा. शिवाय साखर महिनोन् महिने गोदामात पडते, इथेनॉलचे पैसे त्या मानानं लवकर येतात. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची हा नियम आहे. तो पाळायचा तर हातात रोकड लागते. मोहोळच्या त्या शेतकऱ्याचं म्हणणं इथवर बरोबर होतं.

तीसहून जास्त कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात या कॉकचं महत्त्व सांगायला नको. सोलापूरजवळच्या पाकणीच्या तेल डेपोला मुंबईहून लोणीमार्गे पाइपलाइननं पेट्रोल येतं, कारखान्यांकडून टँकरनं इथेनॉल येतं, तिथे दोन्ही एक होतात आणि टँकर पुन्हा मोहोळ, माढा, पंढरपूरच्या पंपांकडे निघतात. ज्या शिवारातून ऊस गेला त्याच शिवारात तो मोटारसायकलच्या टाकीत परत येतो.

जून २०२२ मध्ये देशानं दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल निवडक पंपांवर सुरू झालं. आणि मग कॉक उलटा फिरला. २०२३चा पाऊस रुसला, साखर कमी होईल अशी भीती वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पूर्ण उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. इथेनॉलसाठी कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचे त्या आठवड्यात काय हाल झाले असतील याची कल्पना केलेली बरी. त्याच वर्षी, २०२४च्या उन्हाळ्यात, उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्यातही खोल, गेलं होतं.

उजनी काढली म्हणून पाण्याचं. निती आयोगाच्या २०२१च्या इथेनॉल आराखड्यातच आकडा आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २८६० लिटर पाणी. वीस टक्के मिश्रणाचं पाच लिटर पेट्रोल घेतलं तर त्यात इथेनॉल एक लिटर. म्हणजे दोनशे लिटरची चौदा बॅरल. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलेल्या शहरात, हा हिशेब गिळायला जड जातो. शेवटच्या मळीला हा हिशेब तसाच लावणं चूक, कारण ते पाणी साखरेसाठी आधीच गेलेलं असतं. पण रसाला तो लागतोच. अलीकडे मक्याच्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा पुढे गेलाय. त्या पिकाला उसापेक्षा पाणी कमी लागतं खरं, पण मका महागला की कोंबडीचं खाद्य महागतं.

कमी पाण्याची वाट आपल्या अगदी जवळ होती. मोहोळला निवडलेली एम ३५-१, म्हणजे आपली मालदांडी, रब्बी ज्वारीची राणी. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गोड ज्वारीचा 'मधुरा' नावाचा वाण काढला. वर कणीस खायला, खाली ताटातल्या, म्हणजे खोडातल्या, रसाचं इथेनॉल. तिथे इथेनॉलवर चालणारे कंदील आणि स्टोव्हही करून पाहिले. पण गोड ज्वारी तोडली की तिची गोडी झपाट्यानं उतरते, ताजं ताट गाळायला जवळ गुऱ्हाळ किंवा कारखाना लागतो, आणि हंगाम काही आठवड्यांचा. उसामागे जसा कारखाना, संचालक मंडळ आणि निवडणूक उभी असते तसं ज्वारीमागे कोणी नव्हतं. माझ्या मते अडलं ते इथेच.

मोगली एरंडाचं तर बोलूच नये. २००३ नंतर बायोडिझेलची मोठी स्वप्नं याच झुडपावर बांधली होती: पडीक जमिनीत येतं, पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही. पाण्याशिवाय ते जगलं, पण बी धरलं नाही. बांधावर कुंपण म्हणून उरलं.

ॲव्हरेजच्या तक्रारीतही तथ्य आहे. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते. निती आयोगाच्याच आराखड्यात जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि दुचाकींना तीन-चार टक्के घट धरली होती, आणि ती भरून निघावी म्हणून मिश्रित पेट्रोल स्वस्त विकावं असंही सुचवलं होतं. सुचवणं कागदावर राहिलं. बिगर-मिश्रणाचं पेट्रोलही मिळावं म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

मग "कमी वापरा" हा उपदेश उरतो. पण वापर नुसता सवयीवर ठरत नाही. गिरण्यांच्या दिवसांत सोलापूर भोंग्यावर उठायचं आणि कामाला पायी नाहीतर सायकलवर जायचं, कारण घर आणि गिरणी जवळ होती. पुढे गिरण्या बसल्या. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली, शहर एकदम पावणेदोनशे चौरस किलोमीटरवर पसरलं. घर जुळे सोलापूरला, काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आणि शहर बसची वाट बघण्यात अर्धी सकाळ. अशा माणसाला मे महिन्याच्या दुपारी, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, सायकल चालवा म्हणून सांगणाऱ्यानं आधी स्वतः एक फेरी मारून यावी. त्याच्या घरात दोन दुचाक्या आल्या त्या हौसेनं नाही.

मिस्त्रींनी कार्बोरेटर फुंकून बसवला, दोन किका मारल्या, गाडी चालू झाली. बाटलीतलं वरचं पेट्रोल त्यांनी चेन धुवायला बाजूला ठेवलं. पैसे देताना म्हणाले, "पावसाळ्यात टाकी फुल ठेवत जावा मालक. मोकळी राहिली की दमट धरती."

पुढच्या पंपावर मी नेहमीसारखं सांगितलं, "दोनशेचं टाक." काटा दोन लिटरच्या आतच थांबला.