काळोख्या प्रेमकथा घरी नेण्यापूर्वी

वाचनालयात डार्क रोमँटिक फँटसी, म्हणजे जादूच्या जगातली काळोखी प्रेमकथा, परत करताना कितीतरी वाचक जरा ओशाळून सांगतात, ‘नायकाचा राग राग आला, पण पुस्तक काही हातातून सुटेना.’ यात ओशाळण्यासारखं काही नाही. हे पत्रक त्यांच्यासाठी आणि असं पुस्तक पहिल्यांदाच उचलणाऱ्यांसाठी आहे.

या कादंबऱ्यांत शाप असतात, जादू असते, राज्यंही उलथतात. तरी गोष्ट पुढे जाते ती माणसांच्या मनातल्या उलाढालींवर. त्यामुळे सुरुवातीला ‘काहीच घडत नाही’ असं वाटलं तर थोडा धीर धरा. लढाया आणि वेग हवा असेल, तर आधीच सांगा, आम्ही दुसरं पुस्तक काढून देऊ.

हा प्रकार आजचा नाही. शापाने पशू झालेल्या राजपुत्राची आणि त्याच्या महालात राहायला आलेल्या मुलीची ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही कथा फ्रान्समध्ये १७४० साली गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी लिहिली. त्यात तो पशू रोज रात्री नायिकेकडे शय्यासोबत मागतो. पुढे १७५६ साली ल प्रँस द बोमाँ यांनी तीच कथा मुलींच्या वाचनासाठी आटोपशीर केली, तेव्हा ‘माझ्याशी लग्न करशील का?’ एवढाच प्रश्न उरला. दोन्हीकडे ती नाही म्हणते आणि तो जबरदस्ती न करता निघून जातो. आजही पुस्तक निवडताना आम्ही आधी हेच पाहतो, की नायिकेच्या नकाराचं पुढे काय होतं?

नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीत शापित सरदार नायिकेला बुरुजातल्या खोलीत कोंडून ठेवतो. बऱ्याच पानांनंतर एका रात्री तो काही न बोलता किल्ली तिच्या उशाशी ठेवून जातो. ती दार उघडते, जिन्यापर्यंत जाते, परत येते आणि आतून कडी लावून घेते. प्रेम हा शब्दसुद्धा तिथे नाही. मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. पण कोंडून ठेवलेले ते दिवस मी त्याला माफ केले नाहीत. नायिकेनेही केले नाहीत, आणि म्हणूनच ती दोघं मला खरी वाटली. एखादं पात्र मनात घर करतं म्हणजे त्याचं वागणं आपल्याला पटलं, असं थोडंच आहे?

पहिल्या पानांवर आशयसूचना असेल तर ती जरूर वाचा. बळजबरी, छळ, आत्मघात अशा गोष्टींची कल्पना तिथे दिलेली असते. थोडं कथानक आधी कळतं खरं, पण नको त्या आठवणी अचानक जाग्या होण्यापेक्षा ते बरं. मुखपृष्ठावर फुलं आणि गोड रंग दिसले म्हणून पुस्तक मुलांच्या हाती देऊ नका. यातली बरीच पुस्तकं फक्त प्रौढांसाठी असतात. मालिकेतला पहिला भाग असेल तर शेवट अधांतरी असू शकतो, तेव्हा पुढचा भाग आहे का, ते आधी विचारा.

मध्येच सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. परत देताना ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या प्रसंगाला थांबलात आणि कोणावरचा विश्वास उडाला, ते सांगा. शेवटच्या पानाला त्यासाठी कोरी चिठ्ठी लावली आहे. नाव लिहायची गरज नाही. पुढचा वाचक ती वाचूनच पुस्तक नेतो.