पडद्यावरून बिघाड ओळखण्याची विद्या: जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची पार्श्वभूमी

कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी 1897 साली कॅथोड किरण नलिका तयार केली ती चित्र दाखवण्यासाठी नव्हे, तर बदलता विद्युतप्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून, म्हणजे मोजमापासाठी. पुढे हीच नलिका टीव्हीचा पडदा झाली तरी तिचा हा मूळ गुण गेला नाही. इलेक्ट्रॉनचा झोत आडवा नेणारे सर्किट, तो उभा सरकवणारे सर्किट, दोघांना प्रक्षेपणाच्या तालात ठेवणारे सिंक सर्किट आणि झोताची तीव्रता ठरवणारे व्हिडिओ सर्किट ही सगळी वेगवेगळी असतात. त्यामुळे त्यांतले जे बिघडेल त्याची खूण पडद्यावर वेगळी उमटते. जुना टीव्ही दुरुस्त करण्याची सारी विद्या याच गोष्टीवर उभी राहिली. मात्र या खुणा कायमच्या ठरलेल्या नाहीत. संचाची रचना बदलली की त्याच खुणेचा अर्थही बदलतो, आणि म्हणूनच दुरुस्ती करणाऱ्याला थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण उच्च दाबाचे, म्हणजे ईएचटीचे आहे. बीबीसीने 1936 साली 405 रेषांचे प्रक्षेपण सुरू केले त्या काळातल्या संचांत ट्यूबला लागणारे हजारो व्होल्ट घरातल्या विजेवर चालणाऱ्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरमधून घेतले जात. हा पुरवठा अतिशय घातक होता, कारण चुकून हात लागल्यास तो माणसाच्या शरीरातून जीवघेणा प्रवाह वाहू देण्याइतका समर्थ असे. महायुद्धानंतर फ्लायबॅकची पद्धत रूढ झाली. प्रत्येक आडवी रेषा संपली की झोत झटकन मागे आणावा लागतो. त्या क्षणी योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेभोवती बसवलेल्या झोत वळवणाऱ्या भागाच्या, कॉइलमधला प्रवाह एकदम उलटतो आणि मोठ्या दाबाचा स्पंद तयार होतो. हाच स्पंद ट्रान्सफॉर्मरने वाढवून, एकदिश करून ट्यूबच्या अ‍ॅनोडला दिला जातो. कृष्णधवल संचात हा दाब साधारण 10 ते 18 हजार व्होल्ट, तर मोठ्या रंगीत संचात 25 हजारांच्या आसपास असतो.

या एका बदलाने निदान पालटले. युद्धपूर्व संचात आडवे स्कॅनिंग बंद पडले तर ईएचटी शाबूत राही आणि पडद्यावर एक प्रखर उभी रेघ दिसे. फ्लायबॅकच्या संचात हाच बिघाड झाला की ईएचटीही जाते आणि पडदा पूर्ण काळा पडतो, आवाज मात्र चालू राहतो. अशा संचात उभी रेघ दिसलीच, तर योकला प्रवाह पुरवणारी आउटपुट स्टेज काम करत आहे आणि खंड योकच्या आडव्या कॉइलमध्ये किंवा तिच्या जोडणीत आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उलट, मधोमध एकच आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल सर्किट ठप्प. त्या वेळी ब्राइटनेस लगेच कमी करणे आवश्यक असते, नाहीतर फॉस्फर (पडद्यावरचा चमकणारा लेप) तेवढ्या पट्ट्यात जळून कायमचा डाग पडतो. ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगून अंधूक होत असेल, तर ईएचटीचा पुरवठा भार पेलत नाही असे समजावे, कारण दाब घटला की इलेक्ट्रॉन मंदावतात आणि तेवढ्याच चुंबकीय बलाने अधिक वळतात.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या, काळात बहुतेक दोष झिजलेल्या व्हॉल्व्हचे असत आणि व्हॉल्व्ह बदलून पाहणे ही पहिली पायरी असे. ती सोयीची होती, पण तिने विचार करण्याची सवय मोडली असे मला वाटते. चित्रावर सरकणाऱ्या काळसर पट्ट्यांचेच पाहा. 50 हर्ट्झच्या विजेवर पूर्णतरंग रेक्टिफायर (विजेच्या दोन्ही अर्ध्या लहरी एकदिश करणारा भाग) असलेल्या संचात दोन पट्टे दिसले तर पुरवठा सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर कोरडा पडलेला असतो. एकच पट्टा दिसला तर एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटर (तापवणारी तार) आणि इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडमध्ये गळती असण्याची शक्यता अधिक. अर्धतरंग (एकच अर्धी लहर वापरणाऱ्या) पुरवठ्याच्या संचात मात्र दोन्ही कारणांनी एकच पट्टा येतो. म्हणजे पट्टे मोजण्याआधी रेक्टिफायर कोणता आहे हे पाहावे लागते. चित्र वर-खाली फिरत असेल आणि व्हर्टिकल होल्ड (उभा ताल जुळवण्याचे बटण) फिरवून ते क्षणभर थांबत असेल, तर उभा ताल निर्माण करणारा ऑसिलेटर ठीक असून सिंकचा स्पंद पोहोचत नाही. आडवा आणि उभा दोन्ही ताल सुटले असतील, तर दोहोंना सामाईक असलेल्या, संकेतातून तालाचे स्पंद वेगळे काढणाऱ्या सिंक सेपरेटरकडे वळावे.

रंगाने प्रश्न अवघड केला. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या शॅडो मास्क ट्यूबमध्ये (पडद्यामागे बारीक छिद्रांचा पत्रा, म्हणजे मास्क, असलेल्या) इलेक्ट्रॉनचे झोत सोडणाऱ्या तीन गन त्रिकोणात बसवलेल्या होत्या आणि तिन्ही झोत पडद्यावर सगळीकडे एकत्र आणण्यासाठी कन्व्हर्जन्सची अनेक नियंत्रणे एकमेकांना सांभाळत लावावी लागत. सोनीच्या 1968 च्या ट्रिनिट्रॉन ट्यूबने आणि त्यानंतरच्या इनलाइन (एका ओळीतल्या) गनच्या ट्यूबांनी हे काम खूप हलके केले. डाग पडल्यासारखे रंग दिसणे हा दोष मात्र टिकून राहिला. मास्क चुंबकित होतो, आणि डीगॉसिंग (चुंबकत्व उतरवणाऱ्या) कॉइलच्या सर्किटातला थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा घटक) निकामी झाला की ते चुंबकत्व उतरत नाही. पांढऱ्याच्या जागी पिवळे दिसले तर निळा गेला, निळसर-हिरवे दिसले तर लाल गेला. तो रंग गनमध्ये गेला की तिच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, हे कॅथोडवरचे व्होल्टेज मोजून कळते.

यातले कोणतेही काम करताना ट्यूबच्या आतल्या आणि बाहेरच्या वाहक लेपांमध्ये साठलेला भार आधी चॅसिसला (संचाच्या धातूच्या सांगाड्याला) उतरवावा लागतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, कारण काचेत उरलेला भार परत वर येतो. अनेक जुन्या संचांत चॅसिस थेट घरातल्या विजेला जोडलेले असल्याने संच विजेच्या जोडणीपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

आज कपॅसिटर आणि बरेचसे ट्रान्झिस्टर मिळतात, पण नवी पिक्चर ट्यूब मिळत नाही. हीटरचे व्होल्टेज वाढवून थकलेल्या कॅथोडकडून काही काळ काम घेता येते. हीटर-कॅथोड शॉर्ट असेल तर हीटरला वेगळा ट्रान्सफॉर्मर देऊन ट्यूब वाचवता येते. म्हणून तपासणीचा क्रमही बदलायला हवा: महाग ट्यूबवर शेवटी संशय घेण्याची जुनी रीत सोडून आधी तिन्ही गनचे उत्सर्जन मोजावे आणि मगच बाकीच्या संचावर वेळ घालवावा.