लोकसंख्या दहा की साडेतीन हजार? चिविता आणि बान्योरेजोची गल्लत

धुक्यातून डोकं वर काढलेलं दगडी गाव आणि तिथवर जाणारा एकच लांबलचक पूल, असा इटलीतला एक फोटो सगळीकडे फिरत असतो. त्याखाली कुणी लिहितं, लोकसंख्या जेमतेम दहा-बारा. कुणी लिहितं, साडेतीन हजारांच्या आसपास. मग वाद जुंपतो. आकडे दोन्ही खरे आहेत, गावं मात्र दोन आहेत.

फोटोतलं ते चिविता. पुलाच्या अलीकडे, जिथे बस थांबते आणि रोजचे व्यवहार चालतात, ते बान्योरेजो. रोमच्या उत्तरेला, व्हितेर्बो प्रांतात. आपल्याकडे ग्रामपंचायत एका गावाच्या नावाने असते आणि तिच्या हद्दीत चार वाड्या येतात, तसाच हा प्रकार. तिकडे पालिकेला 'कोमूने' म्हणतात आणि वाडीला 'फ्रात्सिओने'. साडेतीन हजार हा अख्ख्या कोमूनेचा आकडा, चिविता धरून. 'साडेतीन हजारांचं गाव दहावर आलं' असं कुठे वाचलंत, तर लिहिणाऱ्याने वाडी आणि पालिका एकात एक कालवली आहे असं समजा.

खरी गंमत पुढे आहे. मूळ गाव ही वाडीच! मध्ययुगातलं बान्योरेआ (तेव्हाचं नाव हे) म्हणजे मुख्यतः चिविता ज्यावर उभं आहे तो कडा. बिशपचं कॅथेड्रल इथे होतं, १३व्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा इथलेच. शेजारचं रोता हे त्याचं नुसतं उपनगर. पण कडा वरून ज्वालामुखीच्या राखेचा दगड आणि खालून चिकणमाती. ओढे ती माती पोखरतात आणि वरचा दगड तुकड्यातुकड्याने दरीत जातो. बोनाव्हेंतुरांच्या घराची जागाही अशीच गेली म्हणतात. त्यात १६९५चा भूकंप झाला. बिशप आणि कारभार रोताला हलले, आणि गावाचं नावही त्यांच्यामागे गेलं. आजचं बान्योरेजो ते हेच रोता. जुन्या गावाकडे उरलं 'चिविता', म्हणजे नुसतं 'नगर'. त्यामुळे जुन्या कागदांत बान्योरेआची माणसं मोजलेली सापडली, तर आधी साल बघावं.

दहा-बारा हा आकडाही बाराही महिने राहणाऱ्यांचा. बरीच घरं सुट्टीपुरती उघडतात. दिवसा गल्ल्या पर्यटकांनी फुलतात, वर्षाकाठी काही लाखांनी. १९६५ साली बांधलेला सध्याचा पूल पायी जाणाऱ्यांसाठीच आहे, आणि २०१३ पासून तो ओलांडायला तिकीट लागतं. सुरुवातीला दीड युरो होतं, पुढे पाचापर्यंत गेलं. त्या पैशावर पालिकेने स्थानिक कर माफ केले. दहा-बारा जणांनाच नव्हे, सगळ्या बान्योरेजोकरांना.