नोटॉक्सस

मुंगीसारख्या दिसणाऱ्या फुलभुंगेऱ्यांची एक प्रजाती. कोलिऑप्टेरा गणातील अँथिसिडी कुल, नोटॉक्सिनी उपकुल. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झॉफ्र्वा यांनी १७६२ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. तिच्यात आज ३०० हून अधिक जाती मोडतात. बहुतेक भुंगेरे अवघे ३ ते ५ मिमी लांबीचे असतात.

प्रजाती ओळखायला आधी शिंग पाहावे, पण तेवढे पुरेसे नाही. अग्रवक्षाचा, म्हणजे छातीच्या पहिल्या खंडाचा, पुढचा भाग डोक्यावरून शिंगासारखा पुढे आलेला असतो. त्यामुळे वरून पाहिले तर डोके जवळजवळ झाकले जाते. भिंगाखाली या शिंगाच्या कडेचे दाते आणि मधला उंचवटा स्पष्ट दिसतो. आदर्श जाती (जिच्या आधारे प्रजातीची व्याख्या ठरते) नोटॉक्सस मोनोसेरॉस हिच्या नावाचा अर्थच ‘एकशिंगी’. तसेच शिंग मेसिनोटार्सस या जवळच्या प्रजातीलाही असते, म्हणून नवखा माणूस हमखास फसतो. मेसिनोटार्ससचे पाय अधिक सडपातळ असून मागच्या पायांची टोके बरीच लांब असतात.

खरी कसोटी जाती ओळखताना लागते. पिवळसर तपकिरी कवचपंखांवरचे (पुढच्या कडक पंखांवरचे) काळे पट्टे आणि ठिपके एकाच जातीत इतके बदलतात की केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे. शिंगाची ठेवण, नराची जननेंद्रिये आणि कवचपंखांची टोके पाहावीच लागतात. उत्तर अमेरिकेतील जातींची फेरमांडणी डोनाल्ड चँडलर यांनी १९८२ मध्ये केली.

कवचपंखांच्या टोकाकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक जातींच्या नरांना तिथे खाच असते आणि तिच्यातून कँथॅरिडीन पाझरते. हे विष नर स्वतः तयार करत नाही. हिंगे, म्हणजे फोड आणणारे भुंगेरे, आणि तत्सम कीटकांकडून ते मिळवतो. मादी मीलनापूर्वी ही खाच चावून पाहते आणि विष बाळगणाऱ्या नराला पसंती देते. मीलनात ते मादीकडे जाते, तिच्याकडून अंड्यांत उतरते आणि भक्षकांपासून त्यांचे रक्षण करते. वर्गीकरणासाठी मोजली जाणारी खाच जोडीदार निवडण्याचेही साधन असावी, हे या प्रजातीचे मोठे आकर्षण.

युरोप, आशिया, आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका खंडांत नोटॉक्सस आढळतो. एकशिंगी जाती युरोपभर, विशेषतः वाळूच्या जमिनीत दिसते. ट्रायफॅसिएटस ही जाती दक्षिण युरोपात, कॅल्कॅरेटस ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात. कॅल्कॅरेटस शेतातही सापडतो आणि बारीक किड्यांची अंडी खातो. रात्री हे भुंगेरे दिव्याकडे येतात. मात्र नेमका शोध घ्यायचा असेल तर कागदाच्या कपट्याला कँथॅरिडीन लावून ठेवतात. वासावर नर तिथे गोळा होतात.