एसीएल पुनर्वसन

गुडघ्यातील एसीएल (अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट) हा अस्थिबंध तुटल्यानंतर खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगे करणारा दीर्घ भौतिकोपचार (फिजिओथेरपी). मैदानावर या दुखापतीला सरसकट ‘लिगामेंट गेलं’ असे म्हणतात. शस्त्रक्रिया थोड्या तासांत उरकते. पुनर्वसनाला नऊ महिने ते वर्ष लागते, आणि खेळाडू परततो की नाही हे बव्हंशी त्यावरच ठरते.

एसीएल म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके जोडणारी, सुमारे ३ सेंटिमीटर लांबीची चिवट दोरी. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे तिचे काम. बहुतेक वेळा ती धडकेने नव्हे, तर पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळल्याने किंवा उडीनंतर वेडेवाकडे उतरल्याने तुटते. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरलेला असतो, पाऊल जागेवर राहते आणि धड फिरते. ‘कट्ट’ असा आवाज आल्याचे खेळाडू सांगतो. सांध्यात रक्त साचून थोड्याच तासांत गुडघा फुगतो. सूज उतरल्यावर सरळ चालता येते, मात्र वळताना गुडघा दगा देतो. इथेच अनेकजण फसतात आणि ‘मुरगळला होता, बरा झाला’ म्हणून पुन्हा उतरतात.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. पण वळणे, उडी आणि पकड असलेल्या खेळात परतायचे असेल तर ती सहसा करतात. मांडीच्या मागच्या बाजूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा) घेऊन तिचा नवा अस्थिबंध बसवतात. ही कलम केलेली शीर सुरुवातीला रक्तपुरवठ्यावाचून असते. शरीर तिला आधी मऊ करते, मग हळूहळू अस्थिबंधासारखी घडवते. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत कमजोर असते. नेमक्या याच काळात सूज गेलेली, कुबड्या सुटलेल्या आणि दुखणे जवळजवळ थांबलेले असते. ‘आता काही वाटत नाही’ हा या दुखापतीतला सर्वांत फसवा पुरावा आहे.

पूर्वी शस्त्रक्रियेनंतर पाय आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. पट्टी काढेपर्यंत गुडघा आखडलेला आणि मांडी काडीसारखी झालेली असे. अमेरिकेत इंडियानापोलिसचे शल्यचिकित्सक डोनाल्ड शेलबोर्न यांना एक गंमत आढळली: सांगितलेले न ऐकणारे, वेळेआधीच चालू-फिरू लागणारे रुग्ण आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले सुधारत होते. त्यांनी पॉल निट्झ यांच्यासह १९९० मध्ये जलद पुनर्वसनाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि लवकर हालचालीची रीत रूढ झाली. अर्थात हालचाल लवकर म्हणजे खेळणेही लवकर, असा त्याचा अर्थ नाही.

पहिल्या पंधरवड्यातले काम बघणाऱ्याला क्षुल्लक वाटते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा स्वतःच्या वजनाने खाली सोडायचा. मग मांडी आवळून गुडघा गादीत दाबायचा आणि पाच-दहा सेकंद धरायचा. वाटी मांडीकडे सरकते की नाही हे फिजिओ बोटांनी चाचपतो. अनेकदा ती हलतच नाही, कारण सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्थाच मांडीच्या पुढच्या स्नायूला रोखून धरते. वजने उचलणारा गडी या वेळी स्वतःच्या मांडीकडे हताशपणे पाहत असतो. अशा वेळी विद्युत उत्तेजनाची मदत घेतात. गुडघा पूर्ण सरळ होणे हे वाकण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे; थोडा वाक राहिला तरी लंगड कायमची राहू शकते. आपल्याकडचा रुग्ण मात्र आधी विचारतो, ‘मांडी कधी घालता येईल?’

पुढे सायकल, अर्ध्या बैठका, एका पायावर तोल, पायरी चढ-उतार असा क्रम लागतो. तालमीतल्या पोरांना अर्ध्यावर थांबायला सांगणे अवघड जाते, कारण बैठक म्हणजे पूर्ण बैठक हेच त्यांना ठाऊक. सूज नसेल आणि ताकद पुरेशी असेल, तर साधारण तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हळू धावणे सुरू होते. उड्या आणि दिशा बदलणे त्यानंतर.

परतण्याची तारीख कॅलेंडर आणि कसोट्या दोन्ही मिळून ठरवतात. दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, असा संकेत आहे. एका पायावरच्या उडीचे अंतरही मोजतात, पण अंतर फसवू शकते: खेळाडू नितंब आणि घोट्याच्या जोरावर उडी मारून नेतो आणि अशक्त मांडी झाकली जाते. शिवाय महिनोन्महिने बसून चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलनाही फसवू शकते. अमेरिकेतील डेलावेअर आणि नॉर्वेतील ऑस्लो येथील रुग्णांच्या २०१६ मधील अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले दिसले. स्थानिक स्पर्धांचा हंगाम मात्र नऊ महिने थांबत नाही.

भारतात भौतिकोपचाराच्या शिक्षणाची सुरुवात १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. त्यामागे पोलिओची साथ होती, खेळ नव्हे. हाजी अलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ ची. क्रीडा पुनर्वसनाकडे सर्वसामान्यांचे लक्ष गेले ते अलीकडे. कुस्तीपटू विनेश फोगाट हिच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षाच्या आत ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. (वजनावरून अपात्र ठरली, ती गोष्ट वेगळी.) डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, तो मार्च २०२४ मध्ये, सुमारे पंधरा महिन्यांनी, आयपीएलमध्ये उतरला.

शेवटचा टप्पा त्या-त्या खेळाचा असतो. कबड्डीपटू आधी रिकाम्या मैदानात चढाई करतो, मग एका रक्षकासमोर केवळ स्पर्शापुरती, मग दोघांच्या साखळीसमोर. सात जणांनी जीव खाऊन पकड करायची पाळी सर्वांत शेवटी येते. पहिल्या काही चढायांत तो शस्त्रक्रिया झालेला पाय नकळत मागे ठेवतो. फिजिओ गुणांकडे नव्हे, त्या पायाकडे बघत असतो.