मायलोफायब्रोसिस: प्लीहा मोजण्यापासून जनुकं वाचण्यापर्यंत

मायलोफायब्रोसिस म्हणजे हाडांतल्या मज्जेत, जिथे रक्तपेशी तयार होतात तिथे, तंतू साचत जाण्याचा आजार. त्याच्या रुग्णाच्या कंबरेच्या हाडात सुई घालून मज्जा ओढायला गेलं, तर बरेचदा सिरिंज कोरडीच राहते. डॉक्टर याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात. आत तंतूंचं जाळं इतकं दाट झालेलं असतं की पेशी सुटून येतच नाहीत. मग हाडाचा बारीक तुकडा काढून तो चांदीच्या क्षारांनी रंगवतात, तेव्हा ते तंतू काळे उमटतात.

१८७९ मध्ये जर्मनीत गुस्ताव हॉयक यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. १९५१ मध्ये विल्यम डॅमशेक यांनी हा आजार पॉलिसायथेमिया व्हेरा (तांबड्या पेशी फार वाढणं) आणि इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया (बिंबाणू म्हणजे प्लेटलेट्स फार वाढणं) यांच्या कुळात बसवला. या सगळ्यांच्या मुळाशी एकच बिघाड असावा, असा त्यांचा कयास होता. पुराव्यासाठी मात्र अर्धं शतक थांबावं लागलं.

२००५ मध्ये चार संशोधन गटांनी जवळपास एकाच वेळी जॅक२ या जनुकातला बदल शोधला. प्रथिनातल्या ६१७ व्या जागी व्हॅलीनऐवजी फेनिलअ‍ॅलनिन येतं आणि पेशीला ‘वाढ’ हा संदेश अखंड मिळत राहतो. हा बदल सहसा आईवडिलांकडून येत नाही. तो मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत पुढे कधीतरी घडतो. रुग्णांच्या मनातली अपराधाची किंवा मुलांबद्दलची भीती पाहता हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. मायलोफायब्रोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत हा बदल सापडतो. २००६ मध्ये एमपीएल आणि २०१३ च्या अखेरीस कॅलरेटिक्युलिन या जनुकांतले बदलही सापडले.

तोवर रुग्ण किती जगेल याचं भाकीत चालायचं ते वय आणि रक्ताच्या साध्या तपासण्यांवर. २००९ ची आयपीएसएस पद्धत पाच गोष्टी बघते: ६५ च्या पुढचं वय, १० पेक्षा कमी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशींची जास्त संख्या, रक्तातल्या अपक्व ब्लास्ट पेशी आणि ताप, घाम, वजन घटणं यांसारखी लक्षणं. त्यावरून होणाऱ्या चार गटांतलं मध्यक आयुर्मान सुमारे सव्वाअकरा वर्षांपासून सव्वादोन वर्षांपर्यंत येतं.

जनुकांनी हे चित्र बदललं. इटलीतल्या सहाशेहून अधिक रुग्णांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मध्यक आयुर्मान कॅलरेटिक्युलिनमध्ये बदल असणाऱ्यांत १७.७ वर्षं, जॅक२ असणाऱ्यांत ९.२ वर्षं, तर तिन्हींपैकी एकही बदल नसणाऱ्यांत ३.२ वर्षं निघालं. ‘म्युटेशन नाही’ हे वाचून हायसं वाटलेल्या माणसाला हा आकडा सांगणं किती अवघड असेल! मध्यक म्हणजे त्या गटातले निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, हेही त्याच बैठकीत समजावून द्यायला हवं.

शिवाय आजार सुरू करणारं जनुक आणि तो चिघळवणारं जनुक बरेचदा वेगवेगळं असतं. एएसएक्सएल१, ईझेडएच२, एसआरएसएफ२, आयडीएच१ आणि आयडीएच२ यांतल्या जोडीच्या बदलांनी ल्युकेमियाकडे झुकण्याचा धोका वाढतो, हे २०१३ मध्ये पुढे आलं.

२०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या रुक्सोलिटिनिब या औषधाने, आजारात वाढलेली प्लीहा आटोक्यात येते, त्रास कमी होतो. पण आजार मुळापासून घालवण्याचा उपाय अजून मज्जा प्रत्यारोपण हाच आहे आणि त्यात जिवाला धोका असतो. हा धोका कुणी पत्करावा हे ठरवायला मदत म्हणून २०१८ ची एमआयपीएसएस७० ही पद्धत आली. प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकेल अशा, सत्तरीपर्यंतच्या रुग्णांत तिने रक्ताचे आकडे आणि जनुकं एका हिशोबात धरली.